वरच्या वर्गाची भिंत

कुठल्याही खोलीत पाऊल टाकायच्या आधी ते उंबऱ्याशी थांबायचे आणि चौकटीशेजारच्या भिंतीवर उजव्या हाताचा तळवा ठेवायचे. वैद्य नाडी बघतो तसा. बोलत असले तर बोलणं मध्येच तुटायचं. "जरा थांबा हं," म्हणायचे. मग मागचे सगळे थांबायचे. लग्नात जेवायला निघालेली पंगत थांबायची. मिसळीच्या दुकानात मालक कटाचा डाव हातात धरून थांबायचा. भिंत त्यांना काय सांगायची कुणास ठाऊक. थोड्या वेळानं ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "चला. सध्या ठीक आहे."

त्या 'सध्या'नं पुढच्या घासाला मिसळ तिखट लागायची बंद व्हायची आणि लक्ष वर आढ्याकडं जायचं.

तुम्ही आमच्या पेठेकडचे असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असणार. काळी टोपी, पांढरा लांब कोट, सायकल हातात धरून चालणारे. आमच्या हायस्कूलचे हेडमास्तर. नाव लिहीत नाही. तसं त्यांना नावानं कोण हाकही मारत नव्हतं, 'मोठे सर' म्हटलं की झालं.

मी गवंडी. तिसरी झाली आणि हातात थापी आली. लिहायला येतं ते एवढंच, पण कुणाकडून तपासून घ्यायची मला गरज वाटत नाही. शाळेची इमारत माझ्या वडलांनी बांधली. खाली काळा दगड, वर विटा, त्यावर मंगलोरी कौलं, दोन मजले. लहानपणी त्या ओल्या भिंतींवर मी बादलीनं पाणी मारलेलं आहे. तेव्हा त्या भिंतीबद्दल कुणी वाकडं बोललं तर मला ते माझ्या घरात येऊन बोलल्यासारखं वाटायचं, आजही वाटतं.

आधी हे सर असे नव्हते, हे सांगितलं पाहिजे. माझी जुबेदा चौथी झाली तेव्हा मी तिला घरी बसवली. आमच्यात तशीच रीत होती. जून उजाडला आणि हे सायकल घेऊन दारात.

"मिस्त्री, पोरगी कुठाय?"

"घरात हाय. आता बास झालं की शाळा."

"कुणी ठरवलं?"

"मी. बाप हाय तिचा."

"बरं," म्हणाले आणि माझ्याच कट्ट्यावर बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शिव्या नाहीत, भाषण नाही. नुसते बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय, बरं हाय न्हवं?" विचारायचे. शेजारीपाजारी मला विचारायला लागले, सरांचं काय देणं लागतोस काय? शेवटी मीच पोरीला म्हणालो, जा बाई, ह्या माणसाला आमच्या कट्ट्यावरनं उठव. अशी पेठेतली कितीतरी पोरं त्यांनी कट्ट्यावर बसून शाळेत नेली. चांभारवाड्यातली, तालमीतली, आमच्या मोहल्ल्यातली.

आणि भीती म्हणाल तर तिचा पत्ता नव्हता. पावसाळ्याआधी कौलं फिरवायला मी छपरावर चढलो की हे पायमोजे काढून माझ्या मागं वर यायचे. मी ओरडायचो, "सर, खाली जावा. पडलासा तर पाप मला लागंल." ते आढ्यावर घोड्यावर बसल्यासारखे बसून रंकाळा बघायचे. असा माणूस.

मग त्या सालचा हिवाळा आला. कोयनेकडं धरणीकंप झाला आणि आमचं कोल्हापूर पहाटे गदागदा हललं. मांडणीवरची भांडी आपोआप वाजायला लागली. बायका, म्हातारी, तान्ही पोरं, सगळी गल्लीत. कुणी देवाचं नाव घेत होतं, कुणी आमच्या खुदाचं. उजाडलं तसा मी वडलांची इमारत बघायला शाळेकडं गेलो. सर माझ्याआधी तिथं. अंगात बनियन, पायात काही नाही, आणि वरच्या मजल्यावरच्या मोठ्या वर्गात, मागच्या भिंतीवर दोन्ही हात ठेवून उभे.

भिंतीवर एक चीर होती. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून वाकडी वर गेलेली, केसाएवढी. मी थापीच्या दांड्यानं भिंत वाजवून बघितली, ओळंबा सोडून बघितला. दोरीला वजन बांधलेलं असतं, त्यानं भिंत सरळ का कललेली ते कळतं. भिंत सरळ होती.

"सर, ही गिलाव्याची चीर. आतली भिंत खणखणीत हाय."

ते भिंतीकडंच बघत म्हणाले, "मिस्त्री, तुमच्यावर माझा विश्वास आहे. भिंतीवर आता राहिला नाही."

मला राग आला. मी खाली निघून आलो. त्या दिवसापासून त्यांचा तो तळवा भिंतीवर गेला.

पुढचं पेठेला माहीत आहे. वरचा मजला कुलपात गेला. वर्ग मैदानात, कडुलिंबाखाली, तालमीच्या अंगणात. खडूचे फळे डोक्यावरून वाहून न्यायचे. गणिताच्या तासाला शेजारी पैलवान शड्डू ठोकत असायचे. मग सरांनी मला बोलावून सांगितलं, "खालच्या खोल्यांची सगळी दारं काढा."

"दारं? कशापायी?"

"आत उघडणारी आहेत. सगळी मुलं एकदम दाराकडं धावली तर दार उघडायचंच नाही. मी आज सकाळपासून तेच बघतोय डोळ्यांपुढं."

मी म्हणालो, माणसं दारं बसवायला गवंडी बोलावतात, काढायला पहिल्यांदाच. पण बिजागऱ्या खोलल्या, दारं भिंतीला टेकवून ठेवली. बिनदाराची शाळा. कुत्री येऊन थंड फरशीवर झोपायची. एकदा एक शेळी भूगोलाच्या तासाला आत आली आणि टांगलेल्या नकाशाचा खालचा सगळा तुकडा खाऊन गेली. मास्तर म्हणाले, आता लंका शिकवायची सोय राहिली नाही. हसलो आम्ही, पण हसू फार टिकायचं नाही.

कारण ती घंटा. सर कधीही, न सांगता घंटा लावायचे. एकसारखी, न थांबता. ती वाजली की पोरांनी उठायचं, दप्तर जागेवर टाकायचं, पळायचं नाही, ओरडायचं नाही, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून मैदानात जायचं. जेवणाच्या सुट्टीत, प्रार्थनेत, परीक्षेच्या मध्येसुद्धा. लहान पोरं रडायची. रात्रीची भांडी घासताना आईच्या हातून ताट पडलं की जुबेदा चुलीपासनं उठून सरळ दाराबाहेर जाऊन उभी राहायची. हात पुढं केलेला, समोर नसलेल्या खांद्यावर. माझ्या बायकोनं ते बघितलं आणि तिनं डोळ्याला पदर लावला. "पोरीला येडं केलं त्या मास्तरनं," म्हणाली.

गावात थट्टा सुरू झाली. बाहेरगावचा कोणी भेटला की आमचेच लोक विचारायचे, "काय पावणं, पोरगं कुठल्या शाळंला? पळत्या शाळंला न्हवं?" काही आईबापांनी नावं काढून दुसरीकडं घातली. ज्या माणसानं एकेक पोर कट्ट्यावर बसून मिळवलं, त्याची पोरं आता त्याच्याच भीतीपायी चालली होती. हे त्यांना कळत होतं. पोर गेलं की ते फाटकापर्यंत सोडायला जायचे आणि बापाला विचारायचे, "तिथली इमारत कशी आहे?"

उन्हाळ्यात संस्थेची बैठक भरली. पावसाळा तोंडावर, पोरं मैदानात बसणार कशी, खाली खोल्या पुरेनात. अध्यक्ष शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी, आवाज बाजारातला. बैठक मुद्दाम वरच्या वर्गात घेतली, त्याच भिंतीपुढं. मला बोलावलं. सर माझ्या समोर बसलेले.

अध्यक्ष म्हणाले, "ह्यांचं एकच म्हणणं, भिंत पडंल. तू गवंडी हायस. तुझ्या बानं बांधली. सांग, पडंल काय?"

मी सरांकडं बघितलं. मला माहीत होतं, मी 'होय' म्हटलं की वरचा मजला बंद राहील आणि सर वाचतील. 'नाही' म्हटलं की सर हट्टाला पेटतील, आणि हट्ट धरला तर संस्था त्यांना घरी बसवणार होती, हे अख्ख्या पेठेला ठाऊक होतं. सर म्हणाले, "खरं असेल ते सांगा, मिस्त्री. माझं बघू नका."

"भिंत चांगली हाय," मी म्हणालो. आजही तेच म्हणेन.

"झालं!" अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. "जूनपासनं वरचा मजला चालू. न्हाईतर सर, तुम्ही घरी बसा. आम्हाला दुसरा हेडमास्तर मिळंल."

सरांनी मला विचारलं, अगदी हळू, "मिस्त्री, जुबेदा यंदा आठवीत. आठवी वर भरते. तिला या भिंतीशेजारच्या बाकावर बसवाल?"

"बसवीन की."

बोललो खरा. पण चांगली भिंत आणि त्या भिंतीखाली आपली पोरगी, ह्या दोन गोष्टी एक नाहीत, हे मला तोवर कधी कळलं नव्हतं.

सरांनी जागा सोडली नाही. म्हणाले, "मी नसलो तरी मुलं इथंच बसणार. मग मी असलेला बरा." जूनमध्ये वरचा मजला उघडला. पहिल्या दिवशी शिपायाकडून त्यांनी आपली खुर्ची हेडमास्तरांच्या खोलीतून वर नेली आणि वर्गाच्या मागं, त्या चिरेखाली, भिंतीला लावून ठेवली. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत शाळेचा सगळा कारभार तिथून चालला. समोर पोरांच्या पाठी, मागं भिंत. शिकवणारे मास्तर अवघडून जायचे. तपासणीला आलेले साहेब हसायचे. कोणी विचारलं तर सर म्हणायचे, "पाठ टेकलेली असली की भिंत हलली तर आधी मला कळेल. मुलांना उठायला तेवढीच सवड."

आणि मी? मी ताठ मानेनं हिंडत होतो. पण गावात कुठंही परांचीवर असलो तरी कान शाळेकडं. ट्रक गेला, माझी मान तिकडं. गाढवाच्या पाठीवरच्या विटा कुणी धाडकन ओतल्या, माझे हात थांबले. घरी पोरगी आली की मी तोंड फिरवून पाणी प्यायचो, तिनं बघू नये म्हणून.

असा काळ गेला. जुबेदा दहावीत आली. श्रावणातली दुपार होती. मी शाहूपुरीत एका पेढीच्या भिंतीवर काम करत होतो. वरून ओळंबा सोडला, तो स्थिर झाला, मी डोळा लावला. आणि माझ्या डोळ्यादेखत ओळंबा हलायला लागला. वारा नाही, कुणाचा हात नाही. दोरी माझ्या बोटात आणि खाली वजन आपोआप डावीकडं, उजवीकडं. मग पायाखालची परांची कुरकुरली.

मी कसा उतरलो सांगता येत नाही. चिखलातून अनवाणी पळालो. वाटेत माणसं घराबाहेर येऊन उभी होती, कोणीतरी ओरडलं, "मिस्त्री, थांबलं आता, थांबलं!" मला ऐकू येत होतं ते एवढंच: माझ्याच तोंडचं वाक्य, भिंत चांगली हाय, भिंत चांगली हाय.

फाटकातून आत आलो. भुरभुर पाऊस. मैदानावर अख्खी शाळा ओळीनं उकिडवी बसलेली. प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. रडं नाही, गोंधळ नाही, कोणाला खरचटलेलं नाही. इतकी पोरं आणि इतकी शांतता मी कुठं बघितली नाही. जुबेदा तिसऱ्या-चौथ्या ओळीत. मी तिच्या डोक्याला हात लावला तर ती म्हणाली, "अब्बा, सर वरच हायत. आमाला जावा म्हणाले. सगळी गेल्याबिगर मी येत न्हाई म्हणाले. आन् आलेच न्हाईत."

जिना चढताना मला वर बघवेना.

भिंत उभी होती. सर खुर्चीत, पाठ भिंतीला, टोपीवर कौलांची धूळ. तोंड पांढरंफटक.

"सगळी गेली?"

"सगळी खाली हायत. चला."

"कधीचा उठतोय मी, मिस्त्री. पाय येत नाहीत माझे."

"पाठीवर घेतो."

"नको. खाली मुलं बघतायत. मी तुमच्या पाठीवरून गेलो तर उद्या एक पोर वर यायचं नाही."

मग काय करणार? मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो. मीही पाठ भिंतीला टेकली. तेवढ्यात पुन्हा एक बारीकसा धक्का आला. वर कौलं खुळखुळली, मातीची धार दोघांच्या मध्ये सांडली. थांबलं तेव्हा मला दिसलं की मी सरांचा हात धरलेला आहे.

"तुम्हालाही भीती वाटली?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग हात सोडा."

आम्ही दोघं हसलो. हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी तेव्हा विचारून घेतलं, जे पेठेत सगळे आपापसात बोलायचे. "सर, पूर्वी कुठल्या शाळंत काय झालतं काय? एखादं पोर बिर...?"

"नाही हो. काही नाही झालं," ते म्हणाले. "आजऱ्याकडं होतो, गडहिंग्लजला होतो, इथं आलो. इतकी वर्षं झाली, माझ्या हाताखाली एकाही मुलाला काही झालेलं नाही. त्याचीच भीती वाटते. लोकांनी विश्वासानं आणून सोडली, आणि मी तशीच्या तशी परत देत आलो. एवढं चांगलं कुणाचं किती दिवस चालतं? त्या पहाटेपासून रोज वाटतं, आज."

थोड्या वेळानं त्यांनी पाय हलवून बघितले, उठले, टोपी झटकली, आणि कठडा धरून आपल्या पायानं खाली गेले. मैदानात उभं राहून एवढंच म्हणाले, "छान. उद्या वेळेवर या." दुसऱ्या दिवशी पोरं आली. वरच्या वर्गातलीसुद्धा. पळती शाळा म्हणून हिणवणाऱ्यांनी पुढच्या जूनमध्ये आपली पोरं आमच्याच शाळेत आणून घातली, आणि अध्यक्षांनी आपला नातू.

पुढं ते निवृत्त झाले. सत्काराला उभे राहिले आणि म्हणाले, सगळी मुलं परत दिली, माझं काम झालं. तेवढ्यावर बसले. मग गावी गेले, आजऱ्याच्या पुढं, जुन्या घरात. बायको आधीच गेली होती, शेजारी भावजय राहायची, ती जेवण द्यायची. शाळेची भिंत अजून उभी आहे. मी म्हणालोच होतो.

एका पावसाळ्यात त्या बाजूला काम निघालं म्हणून मी त्यांना भेटायला गेलो. ती शेवटची भेट. त्याच वर्षी ते गेले. तापानं गेले, भिंतीनं नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

वाटेत माझ्या मनात होतं की हा माणूस अंगणात मांडव घालून आभाळाखाली राहत असणार. काजूच्या झाडांमागं घर दिसलं. भावजय म्हणाली, "आत झोपल्यात की. जावा, दार लोटलेलं हाय."

मी दार ढकललं आणि उंबऱ्यावरच थिजलो. मातीची भिंत. पोट सुटलेलं, हातभर पुढं आलेलं. माणसाच्या उंचीपर्यंत ओल चढलेली. कोपऱ्यात अशी फट की बाहेरचं झाड दिसावं. सगळ्या आयुष्यात इतकी वाईट भिंत मी बघितली नाही. आणि त्या पोटाला चिकटून बाज टाकलेली, बाजेवर मोठे सर, तोंड उघडं टाकून लहान पोरासारखे गाढ झोपलेले.

"सर! सर, भाईर या!"

त्यांनी डोळे उघडले. "कोण? मिस्त्री! या की आत."

"आधी तुम्ही भाईर या. ही भिंत पडणार हाय. यंदाचा पाऊस काढायची न्हाई ही."

ते उठून बसले, वळून भिंतीकडं बघितलं, जणू पहिल्यांदाच. "हो का?" म्हणाले, आणि चपला शोधायला तिलाच टेकले. "पडू दे की. इथं आता मुलं कुठं आहेत?"

मी आत गेलो नाही. चाळीस वर्षं भिंती बांधलेला माणूस मी, पण त्या खोलीत पाऊल टाकायचं माझ्यानं झालं नाही. पडवीतल्या दोन वाशांचे टेकू मी बाहेरून भिंतीला दिले, तेवढंच हातून झालं. भावजयीनं चहा आणला. त्यांनी आत बाजेवर बसून घेतला, मी अंगणात, डोक्यावर पोतं घेऊन, पावसात. दारातूनच बोलत होतो. मी मध्ये मध्ये म्हणायचो, "या की हो भाईर." ते ऐकल्यासारखं करायचे आणि पेठेतल्या एकेकाची चौकशी करायचे. जुबेदाचं लग्न झालं, तिचा मुलगा यंदा शाळेत बसला, मी सांगितलं.

त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"कुठल्या मजल्यावर बसतो तो?"